पाणपोई म्हणजे काय आणि ती मे महिन्यातही भरलेली कशी ठेवायची?

गुढीपाडवा झाला की स्थानिक बातम्यांच्या पानावर एक छायाचित्र ठरलेले असते. मांडवाखाली लाल कापड गुंडाळलेले दोन रांजण, फुलांची माळ, फीत कापणारे पाहुणे आणि मागे मंडळाचे कार्यकर्ते. खाली ओळ असते, ‘पाणपोईचे उद्घाटन’. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्या रांजणांत पाणी होते का, याची बातमी सहसा येत नाही. आणि पाणपोईची खरी गरज असते ती त्याच आठवड्यात.

पाणपोई म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही विनामूल्य पिण्याचे पाणी मिळण्याची जागा. ती एखाद्या मंडळाची, सोसायटीची, दुकानदाराची, ग्रामपंचायतीची किंवा एखाद्या घराची असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली ही बहुधा सर्वांत जुनी स्वयंसेवा असावी. तिला ना नोंदणी लागते ना मोठा निधी. लागते ते रोज सकाळी कोणीतरी तिथे जाणे.

शब्द किती जुना?

‘पाणपोई’तला ‘पोई’ हा संस्कृत ‘प्रपा’पासून आलेला आहे. प्रपा म्हणजे वाटसरूंना पाणी देण्याची जागा. महाराष्ट्रात या शब्दाचा फार जुना पुरावा दगडावरच मिळतो. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या या लेखात त्याच्या दानांची यादी येते. दमणा, तापी अशा काही नद्यांवर त्याने फुकट नावांची सोय केली आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा उभारल्या, असे त्यात म्हटले आहे. प्रवासी नावेची वाट पाहत जिथे थांबतो, तिथेच त्याला सावली आणि पाणी हवे, हे तेव्हाच्या दात्याला नेमके कळले होते. आजच्या काही पाणपोया मात्र रिकाम्या चौकात, फलक ठळक दिसेल अशा जागी असतात.

मुंबईत हाच प्रकार ‘प्याऊ’ या नावाने दगडी बांधकामात उतरला. एकोणिसाव्या शतकात व्यापारी आणि दानशूर कुटुंबांनी तिथे पाण्याची कारंजी आणि प्याऊ बांधले. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी शहराला अशी चाळीस कारंजी दिली. भात बाजारातले केशवजी नाईक यांच्या नावाचे कारंजे १८७६ मधले. यांतल्या अनेकांचे पाणी पुढे बंद झाले आणि नुसती शिल्पे उरली. दगड टिकला, पण नळजोडणी, साफसफाई आणि रोजचा माणूस टिकला नाही.

पाणी कोणासाठी?

‘कोणालाही’ हा शब्द वर सहज लिहिला, पण तो सहज मिळालेला नाही. पाण्याची सार्वजनिक जागा आणि जात यांचे नाते महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. ज्यांना भांड्याला हात लावू दिला जात नसे, त्यांच्या ओंजळीत पाणी वरून, लांबून ओतले जाई. दान व्हायचे आणि अपमानही व्हायचा. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक विहिरी, तळी वापरण्यावरची भेदभावाची बंधने मोडली. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून नळ, टाकी किंवा इतर पाणवठ्यावर कोणाला अडवणे हा गुन्हा ठरवला.

म्हणून १४ एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीच्या वाटेवर लागणाऱ्या पाणपोयांना केवळ उन्हाचा संदर्भ नसतो. आणि म्हणूनच पाणपोईला पहारेकरी नको, वाढणारा चालेल. त्याहून चांगले म्हणजे तोटी लावलेले भांडे, ज्यातून ज्याचे तो घेईल.

कळंबसारख्या गावात

पुणे जिल्ह्यातले कळंब इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला लागून आहे (धाराशिव आणि यवतमाळ जिल्ह्यांतली कळंब वेगळी). हा भाग पर्जन्यछायेतला. बारामती-इंदापूरला पाणी येते ते मुख्यतः नीरा डाव्या कालव्यातून. हा कालवा १८८० च्या दशकातला. त्याच्या भरवशावर इथे ऊस उभा राहिला आणि सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती असे साखर कारखाने चालतात. उन्हाळ्यात गावाचे लक्ष कालव्याच्या आवर्तनाकडे लागलेले असते. पाणी कधी सुटणार, शेवटच्या टोकाला पोहोचणार का, याचीच चर्चा.

अशा ठिकाणी पाणपोईचा प्रश्न शहरापेक्षा वेगळा असतो. शहरात पाणी बहुधा असते, माणूस नसतो. इथे माणूस मिळतो, पण टंचाईच्या दिवसांत पाणी आधी घरी भरायचे की रस्त्यावर ठेवायचे, हा प्रश्न पडतो. हे आधीच ठरवलेले बरे. गावातल्या ज्या विहिरीला किंवा बोअरला मेअखेरपर्यंत पाणी टिकते तिथून पाणपोईचा वाटा नक्की करणे हा उद्घाटनाच्या आधीचा निर्णय आहे. कोरड्या हवेचा एक फायदा मात्र इथे मिळतो. रांजण उत्तम गार होतो.

रांजण गार कसा होतो?

भाजलेल्या मातीच्या भांड्यातून पाणी बारीक छिद्रांवाटे बाहेर झिरपते आणि वाफ होऊन उडते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. हवा जितकी कोरडी, तितके हे काम जोरात चालते. म्हणून इंदापूरचा माठ रत्नागिरीच्या माठापेक्षा जास्त गार लागतो. भांड्याला रंग दिला, चकचकीत थर लावला की छिद्रे बुजतात. तीच गोष्ट जुन्या माठाची. क्षार बसून त्याचा पाझर मंदावतो. म्हणून दर मोसमात नवा माठ घेण्याची पद्धत आहे. खाली ओली वाळू, भोवती ओले गोणपाट आणि डोक्यावर सावली एवढे केले की बर्फ लागत नाही. सावली नसेल तर बाकी सगळे फुकट जाते.

किती पाणी लागते?

हिशेब सोपा आहे. एका पेल्यात पाव लिटर धरले तर वीस लिटरच्या जारमधून ८० पेले निघतात आणि दोनशे लिटरच्या पिंपातून ८००. वर्दळीच्या रिक्षा थांब्यावर किंवा आठवडे बाजारात दोन जार दुपारपर्यंतही पुरत नाहीत. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याला दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे असा सल्ला दिला जातो. म्हणजे एकट्या हमालालाच तासाला तीन-चार पेले. पाणपोईचे आकारमान उद्घाटनाच्या गर्दीवरून ठरवू नये. तिथे कोण कोण काम करते, हे आधी एक दुपार उभे राहून मोजावे. सफाई कामगार, फेरीवाले, वाहतूक पोलीस, वस्तू घरपोच देणारी मुले, बांधकामावरचे मजूर हे तिचे खरे गिऱ्हाईक.

यात बायका कमी दिसतात. त्यांना तहान कमी लागते म्हणून नव्हे. जवळ स्वच्छतागृह नसल्यामुळे दिवसभर उन्हात बसणाऱ्या भाजीवाल्या मुद्दाम कमी पाणी पितात. ज्या मंडळाने पाणपोईसोबत जवळच्या शाळेचे किंवा मंदिराचे स्वच्छतागृह दुपारी उघडे ठेवून घेतले, त्याने अर्ध्या लोकांसाठी ती पाणपोई खरी केली.

पाणी स्वच्छ आहे का?

थंड पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. जारच्या पाण्याबाबत हा गैरसमज फार आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या परिसरात गुलेन-बॅरी सिंड्रोमची साथ आली आणि दोनशेहून अधिक संशयित व निदान झालेले रुग्ण नोंदले गेले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. दोन्ही दूषित पाणी-अन्नातून पसरू शकतात. एकाच भांड्यातून पाचशे माणसे पीत असतील तर चूकही पाचशे जणांपर्यंत जाते.

नळाचे क्लोरिनयुक्त पाणी सगळ्यात बरे. विहीर, बोअर किंवा टँकरचे असेल तर क्लोरिन घालावेच लागते. सार्वजनिक पुरवठ्यात हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लिचिंग पावडर हे ढोबळ प्रमाण सांगितले जाते. पावडर जुनी असेल किंवा पाणी गढूळ असेल तर ते लागू पडत नाही. रांजणासाठी पावडरीचा अंदाज न करता आरोग्य केंद्रातून क्लोरिनच्या गोळ्या किंवा द्रावण घ्यावे, त्यावर लिहिलेले प्रमाण पाळावे आणि किमान अर्धा तास थांबून मगच पाणी वापरायला द्यावे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर इतके क्लोरिन शिल्लक असावे. ते तपासण्याचे साधे किट ग्रामपंचायतीकडे किंवा आरोग्य सेवकाकडे मिळू शकते.

साखळीने बांधलेला एकच पेला हा पाणपोईचा सर्वांत घाणेरडा भाग. हात घालून बुडवायचा तांब्याही तसाच. लांब दांड्याचा ओगराळा, तोटी आणि ओंजळ ही तिन्ही साधने त्याहून चांगली. कागदी पेले ठेवले तर कचऱ्याची टोपली आणि ती रिकामी करणारा माणूसही लागतो. रोज सकाळी उरलेले पाणी झाडांना घालून भांडे आतून घासावे. नुसती वरून भर घालत राहिले तर खालचे पाणी आठवडाभर तेच राहते. पक्ष्यांसाठी गच्चीवर ठेवलेल्या परळांनाही हाच नियम आहे, नाहीतर चिमण्यांआधी डासांची सोय होते.

पाणपोईवर कोणी कोसळले तर?

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमाला उघड्या मैदानात लाखोंचा समुदाय बसला होता. त्यानंतर १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी पारा सुमारे ३८ अंशांवर होता. मैदानी भागात किमान ४० अंश झाल्याशिवाय हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचारही करत नाही. म्हणजे ‘लाट’ जाहीर होण्याची वाट पाहणे धोक्याचे आहे. दमट हवा, गर्दी आणि सावलीचा अभाव हेही मारतात.

चक्कर, डोकेदुखी, पायात गोळे, खूप घाम ही थकव्याची लक्षणे. माणसाला सावलीत आडवे करून घोटघोट पाणी किंवा ओआरएस द्यावे. पाकिटावर जितके लिहिले असेल, बहुधा एक लिटर, तितक्याच पाण्यात ते विरघळवावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे चमचे चहाचे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापलेले लागले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. तेव्हा तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. पाणपोईतलेच पाणी अंगावर ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार करत राहणे हाच उपचार. बाजूच्या दुकानदाराला एवढे शिकवले तरी पुरे.

बातमी कशी द्यावी?

सोसायटीच्या फलकावर, गल्लीच्या व्हॉट्सअॅप गटावर किंवा स्थानिक अंकात पाणपोईची बातमी देताना पाहुण्यांची नावे शेवटी घेतली तरी चालतील. वाचणाऱ्याला जागा, वेळ, पाणी कुठून येते आणि संपले तर कोणाला सांगायचे, हे आधी हवे असते. वारांप्रमाणे भरणाऱ्यांची नावे पाणपोईवरच लिहावीत. सोमवार अमुक घर, मंगळवार तमुक. ज्याचे नाव वाराखाली असते त्याला शेजारी विचारतात. ‘मंडळातर्फे’ असे लिहिले की कोणालाच विचारता येत नाही. दिल्लीत ‘मटका मॅन’ म्हणून ओळखले जाणारे अलग नटराजन स्वतः गाडीवर टाकी घेऊन फिरत आणि आपले माठ रोज भरत. तिथे पाणी असायचे ते यामुळेच.

वेळापत्रक करताना परीक्षा संपून लोक गावी जातात ते दिवस आधी बघावेत. एप्रिलच्या शेवटापासून शहरातली मंडळे ओस पडतात. महाविद्यालयीन मुलांवर उभी असलेली पाणपोई नेमकी तेव्हा कोरडी पडते. मेसाठी वेगळी माणसे हवीत. न हलणारी. निवृत्त मंडळी, रोज दुकान उघडणारे, थांब्यावरचे रिक्षावाले. पदपथावर मांडव घालायचा असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाची, गावात ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी आणि चालणाऱ्यांची वाट अडवू नये.

पहिला पाऊस झाला की मांडव काढतात. बारामती-इंदापूर भागात मात्र काही जण रांजण लगेच उचलत नाहीत. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी या मार्गाने इंदापूरला जाते. रस्त्यावर पाणी ठेवण्याचे काम तेव्हा पुन्हा एकदा निघते. त्याआधी भांडी घासून उन्हात वाळवलेली असली आणि तोट्यांचे वायसर बदललेले असले की झाले.