धाराशिवचे फिरते लोककलावंत: काम, ओळख आणि मानधन कुठे मिळते?

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातले गोंधळी, आराधी आणि तमाशा कलावंत वर्षातला बराच काळ फिरतीवर असतात. त्यांना नवी कामे कशी मिळतात? आणि उतारवयात हाती काय राहते?

जत्रा म्हणजेच ओळखीचे ठिकाण

तुळजापूरला नवरात्रात आणि आश्विन पौर्णिमेला, तर कळंब तालुक्यातल्या येरमाळ्यात येडेश्वरीच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला दूरदूरचे भाविक येतात. तुळजाभवानी अनेक घराण्यांची कुलदेवता. लग्नकार्यानंतर तिचा गोंधळ घालायची प्रथा असल्याने, इथे झालेली ओळख पुढे घरच्या गोंधळाचे आमंत्रण ठरते. शिक्षणही फिरतीतच होते. तुणतुणे, संबळ आणि आख्यान लहान मुले मोठ्यांच्या मागे उभी राहून शिकतात.

तमाशाची सुपारी नारायणगावात

तमाशाची व्यवस्था वेगळी आहे. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात यात्रांच्या हंगामाआधी फड आपापल्या राहुट्या टाकतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येऊन तारीख आणि रक्कम ठरवतात. कोणत्या फडाला कलावंत हवे आहेत, हेही तिथेच कळते.

सरकारी आणि इतर संधी

राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय तमाशासह विविध लोककलांची प्रशिक्षण शिबिरे आणि महोत्सव भरवते. नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र लोककला पथकांना परराज्यांतल्या महोत्सवांत पाठवते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली अकलूजची लावणी स्पर्धा अनेक पार्ट्यांना राज्यभर ओळख देऊन गेली. एप्रिल २०१७ मध्ये ९७वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन धाराशिव शहरातच (तेव्हाचे उस्मानाबाद) झाले.

खरी अडचण कागदाची

राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेत २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये मिळतात. त्यासाठी साधारणपणे वय ५० पूर्ण हवे, वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत हवे आणि कलेतले किमान १५ वर्षांचे योगदान दाखवावे लागते. दिव्यांगांना वयात सवलत आहे.

घोडे पेंड खाते ते इथेच. सुपारी बहुतेक वेळा तोंडी ठरते आणि बिदागी रोख मिळते. तीस वर्षे संबळ वाजवलेल्या माणसाकडेही लेखी पुरावा नसतो.

काय जपून ठेवावे?

• कार्यक्रमाची पत्रिका, हँडबिल, बातमीचे कात्रण
• तारीख आणि गाव लिहिलेले फोटो
• यात्रा कमिटी किंवा ग्रामपंचायतीचे पत्र
• शिबिर, स्पर्धा, महोत्सवाचे प्रमाणपत्र

तुमच्या घरी गोंधळ झाला किंवा गावात तमाशा आला, तर बिदागीसोबत तारीख, गाव आणि सही असलेले एक पत्रही द्या. पुढे त्याच कागदावर कलावंताचे मानधन मंजूर होऊ शकते.