बॅटरी, मोटारीची : अतिशीत हवामानातील कार्य

मोटारगाडीतील शिसे-आम्ल बॅटरीचे मूळ गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये सिद्ध केलेल्या संचायकात असले, तरी थंडीशी तिची खरी गाठ पडली ती 1912 मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत् आरंभक कॅडिलॅक गाड्यांना बसविला गेल्यानंतर. तोवर दांडा फिरवून एंजिन चालू करण्याची तसदी माणसालाच घ्यावी लागे.

थंडीने बॅटरीतील वीज नाहीशी होते, ही समजूत सार्वत्रिक असली तरी भ्रामक आहे. तापमान उतरले की पातळ गंधकाम्ल दाटते, पट्ट्यांच्या सूक्ष्म छिद्रांतून होणारे त्याचे विसरण मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. परिणामी शून्याखाली 18° से. तापमानास पूर्ण भारित बॅटरीही आपल्या एरवीच्या सामर्थ्याच्या निम्म्याच्या आसपासच कामास येते, आणि नेमक्या त्याच वेळी वंगणतेल घट्ट झाल्यामुळे एंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. ऊब मिळताच मात्र हे सामर्थ्य बव्हंशी परत येते. बॅटरीवर छापलेला शीत-आरंभाचा अँपिअरचा आकडा याच तापमानाचा असून, 12 व्होल्टच्या बॅटरीने दाब 7.2 व्होल्टच्या खाली जाऊ न देता 30 सेकंद किती प्रवाह द्यावा, हे तो सांगतो.

गोठण्याचे भय भारित बॅटरीस जवळजवळ नाही, कारण 1.28 विशिष्ट गुरुत्वाचे आम्ल शून्याखाली 60° पर्यंतही द्रवच राहते. परंतु विसर्जनाने तेच गुरुत्व 1.10 पर्यंत उतरले, तर शून्याखाली आठ-दहा अंशांतच बर्फ धरतो, पट्ट्या वाकतात आणि पेटी तडकते. अशी गोठलेली बॅटरी भारित करू पाहणे धोक्याचे असते. कॅनडातील विनिपेग वा अलास्कातील फेअरबँक्स येथे गाड्या उभ्या करण्याच्या जागी विजेची जोडणी देण्याचा शिरस्ता आहे तो प्रामुख्याने एंजिन उबदार राखण्यासाठी. बॅटरीसाठी तापकाचे वेगळे वेष्टन मिळते, आणि ती काढून रात्री घरात आणून ठेवण्याचा जुना उपाय आजही निरुपयोगी ठरलेला नाही. हिवाळ्यात निकामी ठरलेल्या बॅटरीचा दोष सरसकट थंडीच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होय, कारण शिशाच्या जाळ्यांचे क्षरण वेगाने होते ते उन्हाळ्यात. थंडी ते केवळ उघडकीस आणते.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील लिथियम-आयन बॅटरीचा पल्ला थंडीत घटतो, त्यात प्रवाशांना ऊब देण्यावर खर्ची पडणाऱ्या विजेचाही वाटा असतो. तथापि तिची खरी अडचण भारणाची आहे : शून्याखालील तापमानात जलद भारण केल्यास ग्रॅफाइटच्या अग्रावर धातुरूप लिथियम साचून धारकता कायमची घटते. त्यामुळे नॉर्वेसारख्या, जिथे नव्या मोटारींत विजेच्या गाड्यांचेच बहुमत आहे अशा देशात, भारणकेंद्र गाठण्यापूर्वीच बॅटरी तापविण्याची तजवीज अनेक गाड्यांत केलेली असते.