सोव्हिएत चेलो कॉन्चेर्टोचे ध्वनिमुद्रण (फिलाडेल्फिया, १९५९) : एक ऐतिहासिक साधन

प्रस्तावना :
इतिहासलेखनात कागदपत्रे, शिलालेख व नाणी ही साधने सर्वमान्य आहेत. विसाव्या शतकाने त्यांत ध्वनिमुद्रणाची भर घातली. परंतु संगीताच्या ध्वनिमुद्रिकेकडे बहुधा कलावस्तू म्हणूनच पाहिले जाते. दिमित्री शोस्ताकोविच यांच्या पहिल्या चेलो कॉन्चेर्टोचे ध्वनिमुद्रण ८ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे झाले. सोव्हिएत राजवट व कलावंत यांच्यातील संबंधांचे साधन म्हणून त्याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. कॉन्चेर्टो म्हणजे एकल वादक व वाद्यवृंद यांच्या संवादातून उलगडणारी रचना. चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील, आकाराने मोठे व खर्जाच्या सुरांचे वाद्य होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१० फेब्रुवारी १९४८ रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने ठराव करून शोस्ताकोविच, प्रोकोफिएव, खाचातुरियान आदी संगीतकारांवर 'रूपवादा'चा ठपका ठेवला. शोस्ताकोविच यांना मॉस्को व लेनिनग्राड येथील अध्यापनाची पदे गमवावी लागली. त्यांचे विद्यार्थी म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच यांनी याच कठीण काळात प्रोकोफिएव यांना चेलोच्या रचनेसाठी साहाय्य केले व १९५२ मध्ये ती मॉस्को येथे वाजविली. स्टालिन व प्रोकोफिएव यांचे निधन ५ मार्च १९५३ या एकाच दिवशी झाले. २८ मे १९५८ च्या ठरावाने १९४८ मधील काही मूल्यमापने चुकीची असल्याचे पक्षानेच मान्य केले. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेशी सांस्कृतिक देवाणघेवाणीचा करार झाला होता.

रचना व ध्वनिमुद्रण :
१९५९ मध्ये रचलेला हा कॉन्चेर्टो रोस्त्रोपोविच यांनी अवघ्या चार दिवसांत मुखोद्गत केला. ४ ऑक्टोबर रोजी लेनिनग्राड येथे येवगेनी म्राविन्स्की यांच्या संचालनाखाली त्याचे प्रथम वादन झाले. पुढील महिन्यात शोस्ताकोविच सोव्हिएत संगीतकारांच्या शिष्टमंडळासह अमेरिकेत होते. युजीन ऑर्मंडी यांच्या संचालनाखालील फिलाडेल्फिया वाद्यवृंदासह कोलंबिया कंपनीने केलेल्या ध्वनिमुद्रणास ते स्वतः उपस्थित राहिले. ज्या राजवटीने अकरा वर्षांपूर्वी त्यांना दोषी ठरविले, तिनेच आता त्यांना देशाचे प्रतिनिधी म्हणून पाठविले होते.

तथापि या रचनेत अधिकृत भूमिकेपलीकडचा आशयही आहे. अंतिम भागात स्टालिन यांच्या आवडत्या 'सुलिको' या जॉर्जियन गीताची विडंबित छटा दडलेली आहे. शोस्ताकोविच यांनी दाखवून देईपर्यंत ती आपल्याही लक्षात आली नव्हती, असे रोस्त्रोपोविच यांनी नंतर सांगितले. म्हणजेच हा आशय ध्वनिमुद्रिकेत प्रारंभापासून होता. परंतु केवळ ऐकून तो उमगणारा नव्हता. त्यासाठी वादकाची साक्ष आवश्यक ठरली.

उत्तरकाळ :
१९७० मध्ये सोल्झेनित्सिन यांच्या समर्थनार्थ रोस्त्रोपोविच यांनी खुले पत्र लिहिले. परिणामी त्यांच्या कार्यक्रमांवर निर्बंध आले. १९७४ मध्ये त्यांनी देश सोडला व १९७८ मध्ये त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. ते १९९० मध्ये परत मिळाले. मधल्या काळात मायदेशातील अधिकृत प्रकाशनांतून त्यांचे नाव वगळले जात असताना १९५९ चे हे मुद्रण सोव्हिएत नियंत्रणाबाहेर सुरक्षित होते.

निष्कर्ष :
पक्षाच्या ठरावांतून राज्यकर्त्यांना काय अपेक्षित होते ते समजते. प्रत्यक्षात काय रचले व वाजविले गेले ते ध्वनिमुद्रणातून समजते. यांपैकी कोणतेही एक साधन स्वतंत्रपणे पुरेसे नाही. ठराव, ध्वनिमुद्रण व कलावंताची साक्ष यांचे एकत्रित वाचन केल्यासच सोव्हिएत सांस्कृतिक इतिहासाचे संतुलित आकलन शक्य होते.