ठोक्यांच्या गल्लीतलं शांत बाळ

आमच्या आजीचं घर भंडाऱ्यात, पितळेची भांडी बनवणाऱ्यांच्या गल्लीत. भंडारा म्हटलं की लोकांना तलाव आणि तांदूळ आठवतो, पण गावाची जुनी ओळख पितळेची. लहानपणी सुट्टीत गेलो की पहिले दोन दिवस झोप यायची नाही. सकाळपासून ठण् ठण् ठण्... तिसऱ्या दिवशी काही वाटेनासं व्हायचं. आता स्टीलनं बरीच दुकानं खाल्ली, तरी दोन-चार हातोडे अजून चालतात.

२०१७ मध्ये माझी मामेबहीण (मी तिला ताईच म्हणतो) बाळंतपणासाठी या घरी आली. बाळ इतकं गाढ झोपायचं की विचारू नका. बाहेर ठोके चालू, आत हा मस्त घोरतोय. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, "पोट्टं लय शांत हाय माय, ठोक्यानं बी उठत नाही!"

हा 'शांत' शब्द आम्ही पुढे अडीच वर्षं वापरला. मग "मुलगे उशिराच बोलतात" झालं, "याचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता" झालं. म्हणजे एरर लॉग रोज समोर दिसत होता आणि आम्ही त्याला फीचर समजत होतो. शेवटी नागपूरला बेरा टेस्ट केली. दोन्ही कान, जवळजवळ काहीच नाही.

त्या रात्री मी नेटवर वाचत बसलो, आणि गंमत म्हणजे आधी सापडली ती आमची गल्लीच! बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने कारागिरांच्या रोगांवर एक पुस्तक लिहिलं होतं. त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत व्हेनिसचे तांबट आहेत. सगळे एकाच भागात राहतात, दिवसभर तांबं ठोकतात, आधी ऐकू कमी येतं आणि म्हातारपणी पार बहिरे होतात. १८८६ मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासले, तर एकाचेही कान धड नव्हते. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, हे कळायला पुढे बराच काळ गेला. (हेडफोन लावून वाचणाऱ्यांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मर्यादा सांगितली आहे, मोठ्यांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, लहान मुलांना ७५. लग्नातल्या डीजेपुढे कडेवर बाळ घेऊन नाचणाऱ्या मामा-काकांनी हे दोनदा वाचावे.)

भाच्याचं मात्र ठोक्यांमुळे झालं नव्हतं. ते जन्मतःच होतं. गल्लीने ते फक्त लपवलं. जिथे साठीपुढच्या प्रत्येकाशी ओरडूनच बोलायचं असतं, तिथे ऐकू न येणं ही कुणाला बातमी वाटत नाही.

डॉक्टरांनी ताईला विचारलं, गरोदरपणी ताप-पुरळ आलं होतं का? तिला आठवेना. गरोदर बाईला रुबेला झाला तर बाळाच्या डोळ्यांत मोतीबिंदू होतो, हे १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॉर्मन ग्रेग यांनी दाखवलं, पाठोपाठ बहिरेपणाचाही संबंध लागला. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम झाली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये. असो.

खरा गोंधळ पुढे झाला. कानाला मशीन लागलं, आणि थेरपीच्या ठिकाणी ताईला बजावण्यात आलं: घरात कुणीही हातवारे करायचे नाहीत. हात वापरू दिले तर मुलगा बोलणारच नाही! ताईने ते इतकं मनावर घेतलं की भाच्याने पाण्यासाठी अंगठा तोंडाकडे नेला की ती त्याचा हात खाली धरायची. तो रडायचा. मग तीही रडायची.

हे 'हात खाली' आलं कुठून? तर १८८० च्या सप्टेंबरात इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची एक परिषद भरली. १६४ प्रतिनिधी, त्यात स्वतः बहिरा असलेला एखादाच! ठराव आला की बहिऱ्या मुलांना शिकवताना खुणांपेक्षा वाचा श्रेष्ठ. १६० विरुद्ध ४ मतांनी पास. (युजरला न विचारता रिक्वायरमेंट फ्रीझ करायची पद्धत आमच्या धंद्याने शोधलेली नाही तर.) टेलिफोनवाले ग्रॅहम बेलही याच बाजूचे, आणि त्यांची आई आणि बायको दोघीही बहिऱ्या होत्या. त्यानंतर कित्येक शाळांत मुलांनी खुणा केल्या की हातावर पट्टी बसायची.

आपल्याकडे पहिली मूकबधिर शाळा मुंबईत निघाली ती १८८५ मध्ये, बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने. म्हणजे मिलाननंतर अवघ्या पाच वर्षांनी. १८९३ मध्ये कलकत्त्याला दुसरी. पुढे देशातल्या बहुतेक शाळांत तोंडी पद्धतच मुख्य झाली. मुलं खुणा करायचीच, पण मधल्या सुट्टीत, वसतिगृहात, सरांची पाठ वळल्यावर. भारतीय सांकेतिक भाषा जगली ती अशी चोरून. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तिचं प्रशिक्षण सुरू व्हायला २००१ उजाडलं. दिल्लीत तिच्यासाठी स्वतंत्र केंद्र २०१५ मध्ये झालं, आणि ३००० शब्दांचा पहिला सरकारी कोश आला २०१८ मध्ये. मिलानच्या ठरावांबद्दल त्याच परिषदेच्या वारसदारांनी व्हँकुव्हरला खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये. तब्बल १३० वर्षं!

आणि २०२० मध्ये भंडाऱ्यातली एक आई चार मतांनी नव्हे, १६० मतांनी चालली होती.

मला वाचा नको असं अजिबात म्हणायचं नाही. बोलता आलं तर सोन्याहून पिवळं. पण मुलाला पहिली चार-पाच वर्षं कुठलीतरी एक भाषा पूर्ण मिळायला हवी, कानातून नाहीतर डोळ्यातून. हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी त्याचा हात उगाच धरत होते का रे?" मला उत्तर देता आलं नाही.

लॉकडाऊनमध्ये तिने मोबाइलवर व्हिडिओ पाहून खुणा शिकायला घेतल्या. भाऊजी आधी लाजले, मग शिकले. आजीने स्वतःच्याच काढल्या, कोशात नसलेल्या. भाचा आता शाळेत जातो, काही शब्द बोलतो, आणि हातांनी इतका भांडतो की मध्ये पडायची सोय नाही :-)

गेल्या वर्षी ताईला मुलगी झाली. दवाखान्यातून सोडायच्या आधीच ताईने मागे लागून तिची ओएई करून घेतली. दोन मिनिटांचं काम, बाळ झोपलेलंच. रिपोर्ट नॉर्मल आला. आजीने तो हातात घेऊन पाहिला, खाली ठेवला, आणि घरी आल्यावर पाळण्याच्या मागे उभं राहून पितळेची थाळी एकदा वाजवलीच. पोरगी किंचाळून उठली. आजी म्हणाली, "हाव, आता बरोबर."