एचआयव्हीबाधितांच्या यकृतावर मेदाचा भार

भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून एचआयव्हीवरील ‘एआरटी’ औषधे मोफत मिळू लागली. नियमित उपचार घेणारे बाधित आता दीर्घकाळ जगतात. मात्र वाढत्या वयाबरोबर त्यांच्यापुढे नवे आजार उभे राहतात. त्यांपैकी यकृतात मेद साठण्याचा विकार, म्हणजेच ‘फॅटी लिव्हर’, बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता वाढतो.

यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत मेद आढळल्यास हा विकार मानला जातो. विविध देशांतील पाहण्यांनुसार सुमारे एकतृतीयांश एचआयव्हीबाधितांत तो असतो. मद्य न घेणारेही त्यास अपवाद नाहीत. पुढे काहींच्या यकृतास सूज येते, वण पडतात आणि सिरॉसिसही होऊ शकतो.

कारणे कोणती?

पोटाचा वाढता घेर, मधुमेह व रक्तातील वाढलेली चरबी ही प्रमुख कारणे. विषाणूमुळे शरीरात राहणारा दाह त्यात भर घालतो. स्टॅव्ह्युडिन, डिडॅनोसिन ही जुनी औषधे पेशींतील ऊर्जानिर्मितीस बाधा आणत व यकृतात मेद साठे. स्टॅव्ह्युडिनचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये केली. सध्याचे डोल्युटेग्राव्हिर त्या मानाने सुरक्षित असले, तरी काही रुग्णांचे वजन त्यामुळे वाढते.

तपासणी

रक्तातील यकृत-विकरांचे प्रमाण योग्य असले, तरी विकार नाही असे ठरत नाही. सोनोग्राफीत मेद दिसू शकतो. वय, एएसटी, एएलटी व प्लेटलेट यांवरून काढला जाणारा ‘फिब-४’ निर्देशांक आणि ‘फायब्रोस्कॅन’ यांवरून वणांचा अंदाज येतो.

उपचार

स्थूल व्यक्तींनी वजन सात ते दहा टक्के घटविल्यास मेद व सूज कमी होते. त्यासाठी नियमित व्यायाम करावा, गोड पेये टाळावीत आणि मद्य वर्ज्य करावे. अमेरिकेत ६१ एचआयव्हीबाधितांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ‘टेसामोरेलिन’ने यकृतातील मेद घटल्याचे आढळले.

यकृताच्या भीतीने एआरटी परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे ठरते. टेनोफोव्हिर व लॅमिव्ह्युडिन हिपॅटायटिस-बी विषाणूलाही आवर घालतात. दोन्ही संसर्ग असलेल्या रुग्णाने ती अचानक सोडल्यास कावीळ उलटून यकृत निकामी होऊ शकते. त्यामुळे औषधांतील कोणताही बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.