लाकडातले शुभ: केळफूल, कलश आणि सुरू

कोल्हापूरच्या अंबाबाईचे मूळ मंदिर दगडाचे, कित्येक शतके जुने. त्याच्या पुढ्यातला गरुड मंडप मात्र लाकडाचा, 1840च्या सुमाराचा, दाजी पंडितांच्या काळातला. चौकोनी खांब आणि पाकळीदार महिरपी ही खरे तर मराठेशाहीतल्या वाड्यांची भाषा. देवीच्या दारात जणू एखाद्या वाड्याची सदरच येऊन बसली.

अलीकडे या मंडपाचे खांब कुजल्याचे आढळले आणि तो उतरवून नव्या सागवानात उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. मापे घेऊन आकार पुन्हा कोरता येतात. पण त्या काळच्या सुतारांच्या हाती केवळ आकार नव्हते.

केळफूलच पाहा. पुण्यातला विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला. त्याच्या दर्शनी सज्जात लाकडी केळफुले खाली लोंबताना दिसतात. केळीला घड एकदाच येतो, पण तोवर बुंध्याशी मुनवे फुटलेले असतात. झाड जाते, बेट राहते. लग्नमंडपाच्या दाराशी आणि सत्यनारायणाच्या चौरंगाला केळीचे खुंट बांधणाऱ्या समाजाला या फुलाचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. शिवाय केळफूल मुळातच अधोमुख असते, त्यामुळे लाकूडकामात ते टांगताना कारागिराला निसर्गाशी झटापट करावी लागली नाही.

दाराच्या चौकटीवर गणेशपट्टी, खांबाच्या तळाशी कलशाचा किंवा कमळाचा घाट. येथे चीनची आठवण होते. चिनी लाकडी कोरीवकामातही फुलदाणी शुभ मानली जाते. पण तिचे कारण उच्चारात आहे. चिनी भाषेत फुलदाणी आणि शांती या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘फिंग’ असा एकच. वटवाघूळ आणि सौभाग्य हे शब्दही तसेच ‘फू’, म्हणून आपल्याकडे अपशकुनी ठरलेला हा प्राणी तिथे पलंगावर आणि कपाटावर हौसेने कोरला जातो. आपला कलश शब्दखेळातून आलेला नाही. तो पूजेतून, पाण्याने भरलेल्या घटातून लाकडात उतरला.

सर्वांत गुंतागुंतीचा प्रवास सुरूदार खांबाचा. तळाशी फुगीर, वर निमुळता होत जाणारा हा खांब शाहजहानच्या आग्रा आणि दिल्लीतल्या इमारतींतून पुढे राजस्थानात व महाराष्ट्रात पसरला. त्याच्या घाटामागे युरोपीय मुद्राचित्रांचा प्रभाव असल्याचे कला-इतिहासकार एबा कॉख यांनी दाखवले आहे. नाव मात्र फारसी ‘सर्व’वरून आले. हा सदाहरित, सरळ वाढणारा वृक्ष इराणी काव्यात आणि बागांत मानाचा. म्हणजे बाजीरावाच्या सज्जातला एक खांब युरोप, इराण आणि आग्रा इतकी वाट चालून आला, आणि येथे केळफुलाशेजारी निमूट उभा राहिला.

आज मराठीत ‘सुरू’ म्हटले की बहुतेकांना कोकणच्या किनाऱ्यावरचे बारीक सुयांसारख्या डहाळ्यांचे झाड आठवते. ते वेगळे झाड. सुताराचा सुरू तो नव्हे.