दरबार आणि दवाखाना

सातारचे राज्य 1848 साली आप्पासाहेब महाराजांच्या निधनानंतर, त्यांनी घेतलेला दत्तक नामंजूर करून, कंपनी सरकारने खालसा केले. आणि ज्या शहरातला छत्रपतींचा दरबार अशा रीतीने बरखास्त झाला, त्याच शहरात 1917 च्या सुमारास एका ख्रिस्ती कवीने 'देवाचा दरबार' भरवावा, हा योग विलक्षण खरा. तो कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

कोकणातल्या करजगावच्या ह्या ब्राह्मणाने 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर दोन दशके अमेरिकन मराठी मिशनच्या चाकरीत अहमदनगरास काढली. पत्नी लक्ष्मीबाईंनी मात्र काही वर्षे आपला सनातन आचार सांभाळून, मग 1900 साली, स्वतःच्या विचाराने नवा धर्म स्वीकारला. ही हकीकत त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे घरोघरी ठाऊक आहे. ख्रिस्ती झालेला मराठी माणूस शेजाऱ्यांच्या दृष्टीने परक्या सरकारची रयत ठरावा, हे शल्य टिळकांच्या मनात होते. तुकोबांचे ऋण ते उघडपणे मान्य करीत आणि ख्रिस्तचरणी आपण त्याच वाटेने पोहोचलो, असे सांगत. अखेर मिशनचा पगार सोडून ते संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास आले. त्यांच्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशीच तो न घेता ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांनाही होती. बाप्तिस्मा हीच जेथे प्रवेशाची सनद, तेथे ही मोकळीक सर्वांच्या पचनी पडणे कठीणच होते.

टिळकांनी आपली श्रद्धा ज्या रूपात लोकांपुढे ठेवली, त्याकडे जरा बारकाईने पाहावे. कीर्तन हे त्यांचे आवडते साधन. अहमदनगरास कृष्णा रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडलेली होती. टाळ-मृदंगाच्या साथीने पूर्वरंगात निरूपण करावे आणि उत्तररंगात येशूचे आख्यान लावावे, ह्यात श्रोत्याला परके असे काही नसते. परंतु त्याहून महत्त्वाचे हे की, कीर्तनाचे कायदे जन्मापासून जाणणारा हा श्रोता कीर्तनकाराची परीक्षा घ्यायला समर्थ असतो, सूर लागला की नाही, दृष्टांत बसला की नाही, हे ओळखतो, आणि न आवडल्यास उठूनही जातो. व्यासपीठावरून उपदेश करणे आणि असे पारखून घ्यायला उभे राहणे ह्यांत, माझ्या मते, फार अंतर आहे.

साताऱ्याहून दक्षिणेस, सांगलीच्या बाजूला, अशीच परीक्षा वेगळ्या ठिकाणी चालली होती. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वॉनलेस 1889 मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे सांगलीस आले आणि पुढे मिरजेस गेले; तेथे 1894 मध्ये त्यांचे रुग्णालय उभे राहिले. गणपतीचे भक्त असलेल्या पटवर्धनांचे ते संस्थान. मीरासाहेबांच्या दर्ग्याचे आणि सतारी घडवणाऱ्यांचे ते गाव. तेथे आलेल्या परदेशी पाद्री-डॉक्टराला गावाने शुभवर्तमानाआधी त्याच्या शस्त्रावरून जोखले असेल, तर त्यात नवल नाही. मोतीबिंदू उतरून पुन्हा दिसू लागलेला म्हातारा आपल्या गावी परतला की त्याचा शब्द कोणत्याही पत्रकापेक्षा लांब जाई. आगगाडीच्या जंक्शनमुळे दूरदूरचे रोगी तेथे येऊ लागले. प्रार्थना होत असे, परंतु औषध मिळण्यासाठी धर्म बदलावा, अशी अट नव्हती. वॉनलेस यांना पुढे 'सर' हा किताब मिळाला; वॉनलेसवाडी हे नाव आजही सांगली-मिरजेच्या रस्त्यावर आहे.

टिळक 1919 च्या मे महिन्यात निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्याला ना दफ्तर, ना वर्गणीचा हिशेब, ना वारस नेमण्याची रीत. मिरजेच्या दवाखान्याला हे सारे होते, म्हणून तो उभा राहिला, आणि 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हा विद्यार्थ्यांच्या शिक्षणास उपयोगी पडला. तरीही दरबार फसला, असे म्हणावयास मी तयार नाही. जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने 1922 साली भारतीय सोबत्यांसह 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापिला आणि लगोलग टिळकांचे चरित्रही लिहून काढले. टिळकांनी अर्धवट सोडलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि त्यातले बहुसंख्य अध्याय त्यांच्याच लेखणीचे आहेत.